पाण्यावरचा मुक्काम: शिडाच्या बोटीसाठी रात्रीची जागा कशी शोधायची

उजनीचं पाणी उतरतं ते महिन्यांच्या हिशोबानं. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय उन्हाळ्यापर्यंत हळूहळू खाली जातो आणि पाणी फारच आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. कोकणात दीड-दोन मीटर पाणी सहा तासांत उतरतं आणि पुढच्या सहा तासांत परत चढतं. सोलापूरकडची मंडळी पहिल्यांदा शिडाच्या बोटीनं किनाऱ्यानं निघतात तेव्हा त्यांना सर्वांत जास्त नडतो तो हाच फरक. संध्याकाळी छान तरंगणारी बोट मध्यरात्री चिखलात कुशीवर कलंडलेली असते.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरावरूनच जातो, त्यामुळे आपल्याला किनारा तसा सरळ रस्त्यावर आहे. चार-पाच जणांनी मिळून, जाणत्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्या नाखव्याला) सोबत घेऊन रत्नागिरी ते मालवण किंवा मुंबई ते गोवा असा प्रवास करावा, ही कल्पना आता आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. शीड कसं लावायचं हे आठवड्याभरात शिकता येतं. रोज संध्याकाळी बोट कुठे उभी करायची हे शिकायला जास्त वेळ लागतो, आणि सहल बहुतेक वेळा बिघडते ती याच ठिकाणी.

सगळ्यात आधी एक अपेक्षा बाजूला ठेवा. युरोपात दर काही मैलांवर मरीना असते: तरंगता धक्का, वीज, पाणी, आगाऊ आरक्षण. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा सोयी हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. इथली बंदरं मच्छीमारांची, मालवाहू जहाजांची आणि प्रवासी लाँचची आहेत. त्यामुळे दहातल्या आठ-नऊ रात्री तुम्ही नांगर टाकूनच काढणार असं धरून चाला. धक्का मिळाला तर चांगलंच, पण बेत त्यावर उभा करू नका.

जागा दुपारी ठरते, संध्याकाळी नाही

अंधार पडल्यावर अनोळखी खाडीत शिरू नये. मच्छीमारांच्या जाळ्यांचे काळे बोये अंधारात दिसत नाहीत, जाळ्याचा दोर पंख्यात गुंतला की इंजिन बंद पडतं, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे अंतराचा अंदाज पार चुकतो. म्हणून हिशोब उलटा करायचा. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नांगर टाकायला, तो रुतला का ते पाहायला आणि पटलं नाही तर दुसरी जागा गाठायला मिळून दोन तास हातात हवेत. म्हणजे चारच्या आत खाडीच्या तोंडाशी.

अंतर काढायची सोपी युक्ती आहे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. कोकण किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतराचा चांगला अंदाज येतो. रत्नागिरी १७ अंशांवर, विजयदुर्ग साधारण १६ अंश ३३ मिनिटांवर. फरक २७ मिनिटं, म्हणून सुमारे २७ सागरी मैल. तीस फुटी शिडाची बोट सरासरी ताशी पाच सागरी मैल वेगानं चालली तर साडेपाच तास. वारा पडला किंवा समोरून आला तर त्यात दीड-दोन तास वाढवा. सकाळी सातला निघालात तर तीनपर्यंत पोहोचाल.

निघण्याआधी नकाशावर एकाऐवजी तीन जागा खुणा करून ठेवा: जिथे जायचं ती, तिच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक. दुपारी एक वाजता बोट कुठे आहे ते बघून तिघांपैकी कुठली गाठता येईल ते तिथेच ठरवून टाका. "अजून थोडं पुढे जाऊ" या मोहापायीच लोक अंधारात खडकांमध्ये शिरतात.

पंचांगात लपलेली भरती

भरती-ओहोटीचं अचूक कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी छापतो, आणि ते सोबत हवंच. पण अंदाज बांधायला कोकणातले जुने लोक तिथी वापरतात, आणि तिथी पाहायची सवय सोलापूरला कुणी शिकवायला नको. दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं.

नियम असा: तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या पुढे पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. दोन्ही पक्षांना हाच हिशोब. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बंदर बदललं की आणखी थोडा फरक पडतो. पण अंथरुणात पडल्या पडल्या हा हिशोब करता येतो, हे त्याचं मोल.

आता याचा मुक्कामाशी संबंध बघा. पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचलात तर पाणी जवळजवळ तळाला गेलेलं असतं. खडक, वाळूच्या दांड्या उघड्या दिसतात, आणि रात्री पाणी वाढणार असतं. अष्टमीला त्याच वेळी पोहोचलात तर खाडी काठोकाठ भरलेली, सगळं झाकलेलं, आणि मध्यरात्री पाणी ओसरणार. तीच जागा, तीच वेळ. पहिल्या दिवशी मोजलेली खोली भरवशाची, दुसऱ्या दिवशीची फसवी.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण सर्वांत मोठं. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, रत्नागिरीकडे दोन मीटरच्या आसपास, गोव्याकडे आणखी थोडं कमी. शिवाय एका दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. संध्याकाळच्या ओहोटीला बोट तरली म्हणून पहाटेच्या ओहोटीला तरेलच असं नाही. कोष्टकात दोन्हींचे आकडे बघा.

पाणी एकाच गतीनं उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. एकूण उताराचे बारा भाग केले तर सहा तासांत ते अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे जातात. उतार १.८ मीटर असेल तर पहिल्या तासात १५ सेंटीमीटर, दुसऱ्यात ३०, तिसऱ्या आणि चौथ्यात ४५-४५. म्हणूनच मधल्या दोन तासांत माणसं फसतात. पहिल्या तासात काहीच बदललं नाही असं वाटून निर्धास्त झालेली असतात.

वारा दोनदा फिरतो

पावसाळा संपल्यापासून एप्रिलपर्यंत किनाऱ्याचा दिनक्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो. दुपारी समुद्राकडून वायव्येचे खारे वारे, रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. म्हणून संध्याकाळी जी जागा आडोशाची वाटते तिथे पहाटे तीनला बोट उलटी फिरते. संध्याकाळी शेपटीमागे मोकळं पाणी होतं, तिथे आता खडक असू शकतो. जागा निवडताना दोन्ही वाऱ्यांत बोट कुठे झुलेल ते डोळ्यांसमोर आणा.

वाऱ्यापेक्षा लाट जास्त त्रास देते. वारा पडला तरी वायव्येकडून येणारी लांब लाट थांबत नाही, आणि ती टेकाडाला वळसा घालून आत येते. हर्णैसारख्या उघड्या बंदरात सुवर्णदुर्गाजवळ दुपारी सगळं शांत वाटेल आणि रात्रभर बोट पाळण्यासारखी कुशीवरून कुशीवर डोलत राहील. असं झालं तर बोटीच्या मागच्या बाजूनं एक दोर नेऊन तो पुढच्या नांगर-साखळीला बांधा आणि ओढून घ्या. बोट वाऱ्याला तिरकी होते, नाक लाटेकडे येतं, डोलणं निम्म्यावर येतं. अशा रात्री स्वयंपाकाचा विचारही नको. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात असावी ती याचसाठी. आठवडाभर टिकते आणि शेगडी पेटवावी लागत नाही.

मार्चनंतर हवेचा भरवसा कमी होत जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात आणि ऑगस्टातही शिडाच्या बोटीनं किनारा फिरायचा नाही, एवढं पुरे.

कुठल्या खाडीत काय

विजयदुर्ग ही या किनाऱ्यावरची उत्तम जागांपैकी एक. वाघोटण खाडीच्या दक्षिण टोकावर किल्ला उभा आहे आणि त्याच्या आड नैर्ऋत्येची लाट अडते. तोंडाशी वाळूची आडवी दांडी नसल्यामुळे ओहोटीलाही आत शिरता येतं. मात्र किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंतीसारखी दगडी रचना आहे. किल्ल्याला चिकटून वळायचा मोह टाळा, बाहेरून मोठा वळसा घेऊन या.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी चांगला आडोसा आहे, पण मोठ्या जहाजांची ये-जा असते. बोयांनी आखलेल्या मार्गात नांगर टाकणं बेकायदा आहेच, जिवावरही बेतू शकतं. जहाजाला थांबता येत नाही. देवगडची खाडी टेकाडामागे दडलेली, छोटी आणि शांत, पण गाळ भरत असतो आणि मच्छीमार बोटींची गर्दी असते. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदर बांधाच्या आत आहे, पण ते मासेमारीचं भरगच्च बंदर. तिथे रात्रभर जागा अडवून ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी रोजीरोटीवर पाय देणं.

दाभोळ आणि बाणकोट या खाड्या आत गेल्यावर सुंदर, पण तोंडाशी वाळूच्या दांड्या आहेत. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून लाट आली तर दांडीवर लाटा उभ्या राहून फुटतात. अशा खाडीत शिरायचं ते भरती चढत असताना, शेवटच्या दोन तासांत. चढत्या पाण्यात बोट टेकली तरी थोड्या वेळात सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर बारा तास तिथेच.

मालवणबद्दल सावध राहा. सिंधुदुर्गाच्या भोवती पाण्याखालचे खडक पसरलेले आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. स्थानिक माणूस बोटीवर घेतल्याशिवाय आणि दिवसाउजेडाशिवाय तिथे शिरू नये, आणि प्रवाळावर नांगर तर कधीच टाकू नये. एका नांगरानं ओरबाडलेलं प्रवाळ भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

विचारावं कसं

नकाशापेक्षा शेजारच्या तांडेलाला जास्त माहिती असते, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. "दादा, इथे नांगर टाकला तर चालेल का?" असं विचारलं तर माणूस भिडेनं "चालेल की" म्हणतो. त्याच्या सपाट तळाच्या होडीला चालतं, कारण ती ओहोटीला चिखलावर सरळ बसते. तुमच्या बोटीच्या पोटाखाली दीड मीटरचा जड कील, म्हणजे तळाचा उभा कणा, आहे, ती बसली की आडवी होते.

त्याऐवजी असं विचारा: "उधाणाच्या ओहोटीला इथे किती वाव पाणी राहतं?" वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, पावणेदोन-एक मीटर. "खाली चिखल की कातळ?" "पहाटे बोटी कुठल्या बाजूनं बाहेर पडतात?" "इथे डोल जाळी कुठे लावलेली असतात?" या चार उत्तरांवर रात्र निभावते. आणि जो माणूस अर्धा तास देऊन हे सांगतो त्याला चहा विचारा. त्याच्या दारात आपण पाहुणे आहोत.

बंदर कार्यालयात वर्दी द्या. नोंदणी, विमा आणि बोटीवरच्या सगळ्यांची ओळखपत्रं एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. सागरी पोलीस रात्रीही तपासणीला येतात, आणि आधी वर्दी दिलेली असेल तर पाच मिनिटांत काम होतं.

नांगर टाकणं

नांगर हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. शेतातला नांगर आडवा ओढला की फाळ मातीत घुसतो आणि मूठ वर उचलली की बाहेर येतो. बोटीचा नांगरही हुबेहूब तसाच आहे. बोटीला धरून ठेवतं ते नांगराचं वजन नव्हे, त्याचं रुतणं. साखळी जितकी लांब सोडाल तितकी ओढ आडवी पडते आणि फाळ खोल जातो. साखळी आखूड ठेवली की प्रत्येक लाटेला बोटीचं नाक वर जातं आणि नांगर उपटला जातो. रात्री बोट घसरण्याचं पहिलं कारण हेच, आखूड साखळी.

किती सोडायची त्याचा हिशोब उदाहरणानं करू. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस, दुपारचे चार. यंत्रावर खोली ४ मीटर. कोष्टक सांगतं की आत्ता पाणी ०.८ मीटरवर आहे, पावणेसहाला ०.४ पर्यंत उतरेल आणि मध्यरात्री २.२ पर्यंत चढेल. म्हणजे सर्वांत कमी खोली ३.६ मीटर, बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेला भाग) १.५ वजा केला की कीलखाली २.१ मीटर पाणी उरतं. पुरेसं आहे. सर्वांत जास्त खोली ५.४ मीटर, त्यात बोटीच्या नाकाची पाण्यावरची उंची १ मीटर मिळवली की ६.४. पूर्ण साखळी असेल तर याच्या पाचपट, ३२ मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, ४५ मीटर. जोराचा वारा येणार असेल तर आठ-दहापट. हिशोब नेहमी मध्यरात्रीच्या भरतीवर करायचा. बहुतेक जण समोर दिसणाऱ्या ४ मीटरवर करतात आणि साखळी बारा मीटर कमी पडते.

खोलीमापक यंत्र नेमकं कुठून मोजतं हेही आधी विचारून घ्या. काही पाण्याच्या पृष्ठभागापासून, काही कीलच्या तळापासून, काही मधल्या सेन्सरपासून. खात्री करायला जुनी पद्धत अजूनही उत्तम: दोरीला दर मीटरवर गाठी मारा, टोकाला शिशाचा गोळा बांधा, गोळ्याच्या तळाला बोटभर ग्रीस फासा आणि सोडा. खोलीही कळते आणि ग्रीसला चिकटून तळाचा नमुना वर येतो. काळसर मऊ चिखल आला तर बरं. वाळू आली तर उत्तम. ग्रीस कोरं आलं, त्यावर नुसताच ओरखडा असेल, तर खाली कातळ आहे. दुसरी जागा बघा.

आता कृती. आधी नांगरलेल्या बोटी कुठे तोंड करून उभ्या आहेत ते पाहा आणि त्याच दिशेनं, हळू, वारा किंवा प्रवाह नाकावर घेत या. ठरलेल्या जागी बोट पूर्ण थांबू द्या. नांगर फेकायचा नाही; साखळी हातानं किंवा चरखीनं सोडत तळाला टेकवायचा. फेकला तर साखळीचा गुंता त्याच्याच अंगावर पडतो आणि फाळ रुतत नाही. बोट आपोआप मागे जाऊ लागली की त्याच गतीनं साखळी सोडत राहा. खोलीच्या तिप्पट झाली की क्षणभर थांबवा म्हणजे फाळ वळेल, मग उरलेली सगळी सोडा. शेवटी इंजिन उलट्या दिशेनं हळूच सुरू करून वेग वाढवा आणि अर्धा मिनिट तसंच ठेवा.

या अर्ध्या मिनिटात साखळीवर तळहात ठेवा. नांगर रुतला असेल तर साखळी ताणून स्थिर राहते. घसरत असेल तर हाताला खडखड थरथर जाणवते, बैलगाडीचं चाक खडीवरून जावं तशी. शिवाय बाजूला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा जवळचं माडाचं झाड आणि मागचा विजेचा खांब. रेष तुटली तर बोट सरकते आहे. दोनदा प्रयत्न करून रुतला नाही तर हट्ट सोडा आणि पन्नास मीटर दुसरीकडे जा.

रुतल्यावर साखळीला पाच-सात मीटरचा नायलॉन दोर अडकवून ताण त्यावर घ्या. नायलॉन ताणला जातो, झटके शोषतो आणि चरखी वाचते. दोर बोटीच्या कडेवरून जातो तिथे रात्रभर घासतो. जुन्या सोलापुरी चादरीची हातभर पट्टी त्या जागी घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी सुतळीनं बांधा. जाड सुती विणीला घासणं सोसतं आणि ती ओली झाली की दोराला आणखी घट्ट बसते.

शेजाऱ्यांपासूनचं अंतरही मोजा. ३२ मीटर साखळी आणि ९ मीटरची बोट, म्हणजे चारही दिशांना सुमारे ४० मीटरच्या वर्तुळात तुम्ही फिरणार. स्थानिक होड्या आखूड दोरावर असतात, त्या कमी फिरतात. नंतर आलेल्यानं आधीच्याला जागा द्यायची, हा सगळीकडचा रिवाज. अंधार पडला की डोलकाठीच्या टोकावर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावलाच पाहिजे. पहाटे तीन-चारला मच्छीमार बोटी निघतात, त्यांना तुम्ही दिसता ते त्या एका दिव्यानं.

बोया आणि धक्का

बोट बांधण्यासाठी तळाशी साखळीनं पक्का केलेला तयार बोया दिसला की हायसं वाटतं, पण तो कुणाचा तरी असतो. आधी विचारा. खाली काँक्रीटचा ठोकळा किती वजनाचा आहे, साखळी कधी बदलली, किती मोठी बोट त्यावर राहते, हे कळल्याशिवाय रात्रभर त्यावर विसंबू नका. खाऱ्या पाण्यात लोखंडी कडी बाहेरून शाबूत दिसते आणि आतून पेन्सिलीएवढी झालेली असते. बोयाच्या कडीतून आपला स्वतःचा दोर दुहेरी ओवून दोन्ही टोकं आपल्या बोटीवर बांधा, म्हणजे निघताना एक टोक सोडलं की झालं.

धक्क्याला लावायचं असेल तर पहिला प्रश्न पाण्याच्या चढ-उताराचाच. भरतीला घट्ट बांधलेला दोर ओहोटीला बोट लटकवतो, आणि धक्क्यावरचं कडं किंवा बोटीवरचा खुंट उपटून येतो. पुढचा आणि मागचा दोर चढ-उताराच्या किमान तिप्पट लांब हवा. शिवाय पुढून मागे आणि मागून पुढे जाणारे दोन तिरके दोर, म्हणजे बोट पुढे-मागे सरकत नाही. खांबांवर उभ्या जेटीपासून विशेष जपा. ओहोटीला बोटीची कड जेटीच्या स्लॅबखाली शिरली आणि भरती चढू लागली तर बोट खालून दाबली जाते. दोन फेंडरांच्या (बोटीच्या कडेला टांगलेल्या मऊ गाद्यांच्या) बाहेर एक जाड फळी आडवी टांगा, म्हणजे खांब फळीवर घासतो. मासे उतरवायच्या वेळी धक्का मोकळा करून द्या, कुणी सांगायच्या आत.

घरच्या पाण्यावर सराव

हे सगळं उजनीवर थोडंफार शिकता येतं, जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन आणि दिवसाउजेडी. तळ काळ्या मातीचा. ती नांगर घट्ट धरते आणि वर येताना नांगर मोठा गोळा घेऊन येतो, त्यामुळे नांगर धुवायला बादली जवळ ठेवा. काठाजवळ शेतकऱ्यांच्या उपसा मोटारी, पाइप आणि विजेच्या तारा पाण्यात असतात, तिथे नांगर टाकायचाच नाही. बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं पाण्याखाली आहेत. आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर थांबू नका. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगावर असलं पाहिजे, पेटीत ठेवून उपयोग नाही.

रात्रीची तपासणी

नांगर टाकला त्या क्षणीच फोनमध्ये ती जागा नोंदवा. बोट मागे गेल्यावर नोंदवली तर इशाऱ्याचं वर्तुळ (ज्याबाहेर बोट गेली की फोन वाजतो) चुकीच्या जागी पडतं. खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, ओढ बरोबर विरुद्ध होते, आणि रुतलेला फाळ उपटून परत रुतावा लागतो. डॅनफोर्थसारखा सपाट फाळांचा नांगर वाळू-चिखलात छान धरतो, पण याच वळणावर त्याच्या फाळांत शिंपला किंवा जाळ्याचा तुकडा अडकून तो परत न रुतण्याचा धोका असतो. म्हणून प्रवाह पहिल्यांदा उलटतो त्या वेळेचा गजर लावा आणि कुणीतरी वर येऊन वीस मिनिटं बघा.

उजेड असतानाच खाडीबाहेर पडायची होकायंत्राची दिशा कागदावर लिहून सुकाण्याजवळ चिकटवा. मध्यरात्री घसरलात तर नकाशा उघडायला वेळ नसतो. व्हीएचएफ रेडिओ १६ व्या चॅनेलवर चालू ठेवा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ सगळ्यांना पाठ हवा.

सकाळी नांगर निघाला नाही तर

बोट हळू पुढे नेत साखळी गोळा करा. चरखीनं बोट ओढायची नाही. साखळी सरळ उभी झाली की ती खुंटाला बांधून थांबा. लाटेबरोबर नाक वर जाईल तसा बहुतेक वेळा नांगर सुटतो. नाहीच सुटला तर साखळी थोडी सैल करून बोट नांगराच्या पुढे न्या आणि ज्या दिशेनं तो रुतला त्याच्या उलट दिशेनं ओढा. टाकलेलं जाळं किंवा कातळ असण्याची शंका असेल तिथे आधीच नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी दोरी आणि तिला छोटा बोया बांधून ठेवा, दोरी भरतीच्या खोलीएवढी. ती ओढली की नांगर उलटा निघतो. जाळं अडकून वर आलं तर सुरीनं कापून समुद्रात सोडू नका. बोटीवर घ्या आणि पुढच्या बंदरात उतरवा.